‘समजलं’ या शब्दाच्या मागे

वसतिगृहाच्या अभ्यासिकेत रात्री नऊच्या सुमारास सर्वांत अधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न ‘समजलं का?’ हा असतो आणि त्याचे ठरलेले उत्तर ‘हो दादा, समजलं’ हे असते. या देवघेवीत काही समजल्याचा पुरावा मात्र नसतो. विचारणाऱ्याला आपल्या अभ्यासाकडे वळायचे असते आणि उत्तर देणाऱ्याला संकोचातून सुटायचे असते. पुढे निकाल लागतो, धाकटा विद्यार्थी लेखाशास्त्रात अडकतो आणि थोरला मनापासून चकित होतो. त्याने तर तीन-तीन वेळा समजावून सांगितलेले असते. गावी मात्र एव्हाना निष्कर्ष निघालेला असतो: मुलाचे डोके अभ्यासात चालत नाही, त्याला आता पेढीवर बसवावे. पेढीवर बसण्यात कमीपणा काहीच नाही. परंतु जो मुलगा केवळ एका गाठीपाशी अडला होता आणि ती गाठ कोणी पाहिलीच नाही, त्याने पुस्तके मिटून परत यावे, ही हानी त्या घराचीही आहे.

दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ सालची, मुंबईच्या महावीर जैन विद्यालयाची १९१५ सालची. या आणि अशा अनेक संस्थांच्या बोर्डिंगांतून लहान गावांतील व्यापाऱ्यांची मुले शिकली. दिवसा महाविद्यालयातील प्राध्यापक असत. रात्री मात्र शिकवण्याचे काम कोणीही न नेमता वरच्या वर्गातील मुलांकडे येई. आजही तसेच चालते. संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी उरकलेले असते, म्हणून या वसतिगृहांतील रात्र अभ्यासासाठी लांब असते. तिच्यातील दोन तास सीए फाउंडेशन किंवा प्रथम वर्ष वाणिज्यची मुले थोरल्यांच्या खोल्यांचे दरवाजे ठोठावण्यात घालवतात.

मुलांनी मुलांना शिकवण्याची रीत भारतात जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासजवळच्या एग्मोर येथील अनाथाश्रमाच्या शाळेत अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश धर्मोपदेशक होता. स्थानिक शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना त्याने पाहिली आणि तीच पद्धत त्याने आपल्या शाळेत आणली. मोठ्या मुलांकडे धाकट्यांचे वर्ग सोपवले. १७९७ मध्ये त्याचा अहवाल लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि ही ‘मद्रास पद्धती’ इंग्लंडात गाजली. तिकडे जोसेफ लँकेस्टरनेही याच धर्तीवर एका शिक्षकाच्या देखरेखीखाली शेकडो मुलांची शाळा चालवली. स्वस्त आणि झटपट शिक्षण म्हणून तिचे कौतुक झाले, पण तिचे वैगुण्यही लवकरच दिसू लागले. थोरला मुलगा शिक्षकाकडून पाठ घेई आणि तोच पाठ जसाच्या तसा पुढे देई. ज्ञान वरून खाली वाहत होते. खालून वर काय येते, हे ऐकण्याची सोय त्या व्यवस्थेत नव्हती. आजच्या अनेक अभ्यासिकांत, बाकांची रांग नसली तरी, तीच मद्रास पद्धती चालू आहे असे म्हणावे लागते.

वास्तविक सोबतीच्या विद्यार्थ्याचे बळ त्याच्या ज्ञानात नसते. प्राध्यापकांचे ज्ञान त्याच्याहून अधिक असतेच. त्याचे बळ असे, की वर्गात साठ जणांसमोर जो प्रश्न ओठांवर येत नाही, तो त्याच्यासमोर येऊ शकतो. दोन वर्षांपूर्वी तोही याच पानावर अडखळला होता. परंतु दोन वर्षे विसरण्यास पुरेशी असतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० साली केलेला एक साधा प्रयोग या संदर्भात आठवण्याजोगा आहे. काही जणांना सर्वपरिचित गाण्यांची चाल टेबलावर बोटांनी वाजवण्यास सांगितले आणि समोरच्यांना ते गाणे ओळखण्यास. वाजवणाऱ्यांची अटकळ होती, की निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात एकशे वीसपैकी फक्त तीन ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात संपूर्ण गाणे चालू होते. ऐकणाऱ्याच्या कानी मात्र केवळ टकटक येत होती. वसतिगृहातील थोरला जेव्हा नियम सांगतो, तेव्हा त्याच्या मनातही असेच संपूर्ण गाणे चालू असते.

अशी एक बैठक डोळ्यांसमोर आणावी. उदाहरण अगदी प्राथमिक आहे: एका गिऱ्हाइकाकडून उधारीचे पाच हजार रुपये रोख मिळाले. धाकट्याने नोंद केली, ती रोख खाते जमा आणि गिऱ्हाइकाचे खाते नावे, म्हणजे नेमकी उलट. थोरल्याने नियम सांगितला: येते ते नावे, जाते ते जमा. धाकट्याने मान डोलावली आणि नोंद दुरुस्त केली. पुढच्याच उदाहरणात पुन्हा रोख जमेला गेली. नियम पुन्हा सांगितला गेला, या वेळी थोड्या चढ्या स्वरात. तिसऱ्या वेळी धाकट्याने लिहिण्याआधी थोरल्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. लेखाशास्त्राचा अभ्यास तेथेच थांबला आणि चेहरा वाचण्याचा अभ्यास सुरू झाला. त्याच क्षणी थोरल्याने पेन खाली ठेवले.

“तू रोख जमेला लिहितोस. का लिहितोस, ते मला सांग. चूक की बरोबर ते नंतर पाहू.”

धाकटा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “दादा, आमच्या दुकानात पैसे आले की आजोबा कीर्दीत डावीकडे जमा लिहितात. बँकेत भरले तर पासबुकातही ते जमेलाच दिसतात. मग इथंच नावे कसे?”

या उत्तरात अज्ञान कोठेही नाही. दोन खरे पुरावे आहेत आणि त्यांवरून काढलेला एक तर्क आहे. मुलगा नियम विसरत नव्हता. आजोबांची कीर्द आणि बँकेचे पासबुक या दोन साक्षीदारांपुढे त्याला पुस्तकातला नियम खोटा वाटत होता, आणि तसे म्हणण्याचे धैर्य नसल्याने तो ‘समजलं’ म्हणत होता. नियम आणखी दहा वेळा ऐकवूनही हा पेच सुटला नसता.

“आजोबा जमा लिहितात, तेव्हा त्या ओळीत नाव कोणाचं असतं?”

“गिऱ्हाइकाचं.”

“मग जमा कोण झालं?”

धाकटा थांबला. “गिऱ्हाईक. रोख नाही.”

“आणि पासबुक ही कोणाची वही?”

“बँकेची,” तो म्हणाला, आणि मग घाईने, “म्हणजे तिथं जमा झालेले आपण आहोत! बँक आपलं देणं लागते.”

देशी नाम्याच्या कीर्दीत आलेली रक्कम देणाऱ्याच्या नावाने डावीकडे जमा पडते आणि खतावणीत त्याच्याच खात्याला जमेकडे जाते. इंग्रजी पद्धतीच्या रोकड पुस्तकात रोख हेच स्वतंत्र खाते असते, म्हणून तीच रक्कम तेथे नावेच्या बाजूला दिसते. दोन्ही पद्धती एकच गोष्ट सांगतात. फक्त कोणाच्या खात्यातून पाहायचे ते बदलते. ही उकल थोरल्याने केली नाही. त्याने चार प्रश्न विचारले आणि मधल्या वेळात तो गप्प बसला. व्यापारी घरातल्या मुलाला हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे, परंतु ते कोणी बाहेर काढू दिले नाही तर तेच त्याच्या वाटेतला दगड होते.

चुकीला स्वतःचे तर्कशास्त्र असते, हे लहान मुलांच्या गणितातही दिसते. बावन्नातून सदतीस वजा करताना कोणी पंचवीस उत्तर काढले, तर त्याला वजाबाकी येत नाही असे म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काळजीपूर्वक वजा केलेला असतो: सातातून दोन गेले पाच, पाचातून तीन गेले दोन. त्याचा नियम चुकीचा आहे, पण तो नियम आहे आणि तो न चुकता पाळला गेला आहे. अशा मुलाला आणखी वीस उदाहरणे घातली तर तो चुकीचाच नियम वीस वेळा घोटतो. त्यामुळे उत्तर तपासण्याआधी उत्तराची वाट ऐकणे हे औदार्याचे काम नाही, ते निव्वळ व्यवहाराचे आहे. दुखणे न विचारता पुडी बांधणाऱ्या वैद्याकडे कोणीही दुसऱ्यांदा जात नाही.

ऐकण्यात सर्वांत कठीण भाग बोलण्यापेक्षा थांबण्याचा आहे. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांत शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतात, याची मोजदाद केली होती. तो वेळ साधारण एका सेकंदाचा भरला. तेवढ्यात उत्तर न आल्यास शिक्षक दुसऱ्याला विचारत, किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होत. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, गप्प राहणारी मुले बोलू लागली आणि मुले स्वतः अधिक प्रश्न विचारू लागली. यापुढची त्यांची सूचना तर अधिकच मार्मिक आहे: मुलाचे उत्तर संपल्यावरही तितकेच थांबावे. कारण पहिले वाक्य बहुधा शिक्षकाला आवडेल असे असते; मनातले त्यानंतर येते. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. घड्याळाकडे पाहून एकदा तसे बसून पाहिले, की ते किती जड जातात हे कळते.

तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. विचारणे दुसऱ्या स्थानी आहे आणि सांगणे सर्वांत शेवटी. पाठशाळेत हा क्रम पाठ केलेली मुलेच अभ्यासिकेत पाचव्यापासून आरंभ करतात, हे गमतीचे आहे.

पेन कोणाच्या हातात आहे, हेही पाहण्यासारखे असते. थोरल्याच्या हाती पेन गेले की वही सुंदर भरते, ताळेबंद जुळतो आणि धाकटा प्रेक्षक होतो. पेन धाकट्याच्या हाती राहिले तर काम रेंगाळते, खाडाखोड होते. पण कोणत्या ओळीपाशी हात थबकतो ते दिसते. तो थबका शंभर ‘समजलं’पेक्षा अधिक सांगतो. बैठकीच्या शेवटी ‘समजलं का?’ ऐवजी ‘आता तू मला हे सांग, मला काहीच ठाऊक नाही असं समज’ असे म्हणणारे थोरले थोडे असतात. त्यांच्या खोलीबाहेर मात्र रांग असते.

शब्दांचाही विचार करावा लागतो. ‘अरे, हे तर सोपं आहे’ हे वाक्य धीर देण्यासाठी उच्चारले जाते आणि नेमका उलटा परिणाम करते. सोपे असूनही जमत नाही, म्हणजे दोष आपल्यातच आहे, असा धाकट्याने त्याचा अर्थ घेतला तर त्याला दोष देता येत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची आणखी एक अडचण असते. हिशेब त्यांना कळतो, इंग्रजी शब्द अडवतो. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर ‘आउटस्टँडिंग’ म्हणजे उत्कृष्ट. तोच शब्द खर्चाच्या मागे लागला की मुलगा गोंधळतो. ‘द्यायचा राहिलेला खर्च, देणे बाकी’ एवढे म्हटले की पुरते. ‘गुडविल’ची व्याख्या चार ओळींची असली, तरी बाजारपेठेतील चालते दुकान विकताना मालाच्या किमतीवर नावाची किंमत वेगळी मागतात, हे दुकानदाराच्या मुलाला सांगावे लागत नाही. तेव्हा कोणत्या शब्दापाशी गाडी अडली, हे विचारावे. अर्थात घरचा शब्द नेहमीच वाट दाखवतो असे नाही, हे जमेच्या उदाहरणात दिसलेच.

समाजाच्या वसतिगृहात एक गोष्ट इतर ठिकाणांहून वेगळी असते, आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. येथे शिकवणारा आणि शिकणारा परके नसतात. थोरल्याचे वडील आणि धाकट्याचे काका एकाच पेठेत व्यापार करतात. कोणी कोणाचा आतेभाऊ असतो, कोणाच्या घरी कोणाची मोठी बहीण दिलेली असते. हे नाते आधाराचे आहे, पण तेच भीतीचेही आहे. ‘त्याला अजून जमा-नावे येत नाही’ हे हसत-हसत उच्चारलेले वाक्य भोजनगृहातून निघून रविवारच्या फोनवर आणि तेथून लग्नकार्यातल्या पंगतीपर्यंत पोहोचते. मुलांना हे पक्के ठाऊक असते. म्हणून आपले न समजणे ते आप्तांपासूनच सर्वांत कसोशीने लपवतात. मुलींच्या वसतिगृहात ही धास्ती अधिक असते. तेथे मागे पडल्याची बातमी घरी पोहोचली, तर ‘शिक्षण पुरे’ असे ऐकू येण्याची शक्यता आजही संपलेली नाही. ज्या ताईने खोलीतले बोलणे खोलीतच ठेवले, तिच्यापाशीच मुलगी ‘मला पहिल्या धड्यापासून काहीच आलं नाही’ असे म्हणू शकते. आणि ते वाक्य निघाल्याखेरीज शिकवणे सुरूच होत नाही. आईवडिलांनीही थोरल्यांना फोन करून ‘आमचा कसा काय चाललाय अभ्यासात?’ असे विचारण्याचा मोह आवरावा. त्या एका फोनने तो थोरला मुलाचा सोबती राहत नाही, घरचा मुनीम होतो.

कधीकधी ऐकताना असेही कळते, की अडचण लेखाशास्त्राची नाहीच. मुलगा जेवत नाही, रात्र-रात्र जागतो, घरचे देणे वाढल्याचे त्याच्या कानी आले आहे. अशा वेळी विसाव्या वर्षीच्या सोबत्याने सर्व भार एकट्याने पेलू नये. त्या मुलाला सांगून, शक्य तर बरोबर घेऊन, त्याने गृहपतींकडे जावे. गुप्तता राखणे म्हणजे संकट दडवणे नव्हे.

व्यापारी घरांत एकट्याने, दार लावून अभ्यास करणाऱ्या मुलाचे फार कौतुक असते. १९७०च्या दशकात अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात यूरी ट्रीझमन यांनी कलनाच्या परीक्षेत मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. प्राध्यापकांना कारणे आधीच ठाऊक होती: इच्छेचा अभाव, घरचे वातावरण, कच्चा पाया. ट्रीझमन यांनी त्या मुलांसोबत बराच काळ काढला, तेव्हा यांतील एकही कारण टिकले नाही. ती मुले कष्टाळू होती. पण ती एकएकटी अभ्यास करत होती. चिनी वंशाची मुले मात्र एकत्र बसून एकमेकांची उत्तरे पडताळत, प्राध्यापक काय म्हणाले यावर वाद घालत आणि कोण कोठे अडला हे सर्वांना ठाऊक असे. पुढे ट्रीझमन यांनी मुलांना एकत्र बसवून कठीण उदाहरणे सोडवण्याचे वर्ग सुरू केले आणि निकाल पालटले. त्यांनी आरंभ केला तो प्राध्यापकांचे कारण मान्य करण्याने नव्हे, तर मुलांच्या खोल्यांत जाऊन पाहण्या-ऐकण्याने.

थोरल्यालाही या बैठकांतून मिळते ते थोडे नसते. उत्तीर्ण झालेल्या मुलाला घसाऱ्याची नोंद झोपेतही करता येते. मग एखादा धाकटा विचारतो, “दादा, घसारा खर्चात लिहिला, पण पैसा तर कुठंच गेला नाही. मग खर्च कसला?” आणि थोरल्याच्या लक्षात येते, की नोंद ठाऊक आहे, कारण ठाऊक नाही. अशा वेळी आवाज चढवून ‘ते तसंच असतं’ म्हणण्याचा मार्ग मोकळा असतो आणि बहुतेक तोच धरला जातो. दुसरा मार्ग “हे मला नीट सांगता येत नाही, उद्या सांगतो” असे म्हणण्याचा आहे. उत्तर अवघड नाही: यंत्र घेतले त्या दिवशीच पैसा गेला होता, ते यंत्र ज्या-ज्या वर्षी राबले, त्या-त्या वर्षाच्या नफ्यावर त्या रकमेचा वाटा टाकायचा, एवढेच घसारा करतो. परंतु ‘उद्या’ म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी थोरल्याने स्वतः धाकट्याच्या खोलीचे दार ठोठावावे. धाकट्याला आठवण करून द्यावी लागली, तर तो परवापासून पुन्हा ‘समजलं’ म्हणू लागतो.